गिअर बदलताना गाडी झटका देते: एकच दुखणं, तीन वेळा, तीन कारणं

माझ्या मागे डबल सीट बसलेल्या माणसाला, मी किती वेळा गिअर बदलला हे सांगावं लागायचं नाही. धाकटीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर मागून टक्क करून आपटायचं. जेवढ्या टकटक, तेवढे गिअर. नाशिकच्या इंदिरानगरातून सिटी सेंटर मॉलपर्यंत जाताना तिने एकदा २२ मोजल्या आणि उतरल्यावर शांतपणे म्हणाली, "आई, उद्यापासून मी रिक्षाने जाते."

मी अठरा वर्षं स्कूटर चालवलेली बाई. नवऱ्याची बदली पुण्याला झाली, थोरली गंगापूर रोडच्या कॉलेजात जायला लागली आणि स्कूटर तिच्याकडे गेली. दारात नुसती उभी असलेली त्याची १२५ सीसीची मोटरसायकल माझ्या वाट्याला आली. पाच गिअर, पहिला खाली आणि बाकीचे चार वर. माझं लायसन्स विनागिअर गाडीचं होतं. ते गिअरच्या गाडीला चालत नाही, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. पुन्हा कच्चं लायसन्स काढा, कमीत कमी ३० दिवस थांबा, मग पेठ रोडच्या आरटीओत परीक्षा द्या. ते सगळं केलं. पास झाले म्हणजे गाडी येते असं मला वाटलं होतं.

झटक्याचं हे दुखणं सात-आठ महिन्यांत तीनदा बरं झालं आणि मधे दोनदा परत आलं. आणि ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर: "क्लच हळू सोडा, ताई." शेजारचे काका, नवरा (फोनवरून), पेट्रोल पंपावरचा मुलगा, सगळे तेच. ते चूक नाही, पण पहिल्या वेळी त्याने माझं दुखणं उलट वाढलं आणि पुढच्या दोन वेळी त्याचा काही संबंधच नव्हता. ज्यांना हाच त्रास पुन्हा पुन्हा होतोय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी झटका पकडा

गाडी गॅरेजला नेण्याआधी किंवा स्वतःला दोष देण्याआधी एक काम करा. मोकळा, सरळ रस्ता बघा. मी सुट्टीच्या दिवशी अंबड एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर जाते. रुंद रस्ते आणि बघणारं कोणी नाही. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पाच-सहा वेळा जा आणि फक्त एवढंच बघा की झटका नेमका कोणत्या क्षणी बसतो.

पायाने गिअर उचलताना 'खट्ट' होतं, लिव्हर अडते, गाडी दचकते? मग क्लच दाबूनही इंजिन चाकापासून पुरतं सुटत नाहीये, किंवा पाय अर्धवट काम करतोय.

गिअर गुपचूप पडला, पण क्लच सोडताना मानेला हिसका बसला? मग तो हाताचा आणि रेसचा मामला आहे.

गिअर बदलून झाला, क्लचही पूर्ण सुटला, आणि नंतर रेस दिली की खालून 'खडक्'? मग हातापायांना बोल लावू नका, मागे चेनकडे बघा.

दुसऱ्या प्रकारात अजून एक खूण आहे, ती मला धाकटीमुळे कळली. तिचं डोकं पुढे येऊन माझ्यावर आपटत होतं. म्हणजे गाडी क्षणभर मागे ओढली जात होती. मागच्या माणसाचं डोकं पुढे न येता मागे जात असेल, तो तुमचे खांदे धरत असेल, तर गाडी पुढे उसळते आहे. दोन्हीला आपण 'झटका' म्हणतो, पण औषध अगदी उलट आहे.

पहिल्या वेळी: हात

का होतं ते समजलं तर हात आपोआप सुधारतो, म्हणून थोडं यंत्राचं बोलते.

प्रत्येक गिअरमध्ये इंजिनाचे फेरे आणि चाकाचे फेरे यांचं एक ठरलेलं गणित असतं. गाडी त्याच वेगात आहे आणि तुम्ही वरचा गिअर टाकला, तर इंजिनाला आता कमी फिरायचं असतं. खालचा टाकला तर जास्त फिरायचं असतं. क्लच दाबलेला असतो तेव्हा इंजिन आणि चाक एकमेकांपासून सुटलेले असतात. क्लच सोडला की पुन्हा एकत्र येतात. येताना दोघांची गती जुळलेली असली तर कळतही नाही. नसली तर जे हळू आहे त्याला जे जोरात आहे ते ओढतं, आणि ती ओढाताण आपल्या मानेला कळते. चालत्या एसटीत चढणाऱ्या माणसासारखं आहे हे. बसच्या वेगाने दोन पावलं धावून दांडी धरली तर अलगद वर. नुसतं उभं राहून दांडी धरली तर खांदा निखळतो.

पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधलं अंतर सगळ्यात मोठं असतं, वर जाल तसं ते कमी होत जातं. म्हणून पहिल्या-दुसऱ्याचा झटका सगळ्यात जोराचा आणि चौथ्या-पाचव्याचा जवळजवळ नाहीच. नवीन माणसाने पहिल्यात उगाच गाडी ताणू नये. गाडी हलली, दोन गाड्यांच्या लांबीएवढी पुढे गेली, की दुसरा.

आता माझं काय चुकत होतं ते. रेस सोडायची, क्लच दाबायचा, मग खाली पायाकडे बघायचं (हो, बघत होते), लिव्हरखाली बूट सरकवायचा, उचलायचं, खरंच पडला का याचा विचार करायचा आणि मग सगळ्यांनी सांगितलंय म्हणून क्लच हळूऽऽ सोडायचा. या सगळ्यात दोन-अडीच सेकंद जायचे. तोवर इंजिन पार खाली, सिग्नलला उभं असताना जेवढं फिरतं तेवढ्यावर आलेलं. गाडी मात्र पंचविसाच्या वेगात. क्लचने पकड घेतली की चाक इंजिनाला ओढायचं, गाडी मागे खेचली जायची आणि मागून टक्क.

म्हणजे मला हळू करायचं नव्हतंच. गिअर बदलण्याचं काम लवकर उरकायचं होतं. वर जाताना इंजिनाचे फेरे थोडेच उतरायला हवे असतात, आणि क्लच दाबून पाय उचलायला जो अर्धा-पाऊण सेकंद जातो तेवढ्यात ते बरोबर उतरतात. त्याहून जास्त रेंगाळलं की पार पडतात.

जमलं ते असं. बदलायच्या आधीच पायाचा चवडा लिव्हरखाली, अगदी हलका दाब देऊन तयार. रेस सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी, दोन्ही हातांची एकच हालचाल. क्लच पूर्ण दाबल्याबरोबर चवडा वर, गिअर पडतो. लगेच क्लच सोडायला सुरुवात. तो जिथे पकडायला लागतो तेवढ्या बोटभर जागेत सावकाश, त्याच्या पुढे मोकळा. पकड जाणवली की रेस हलकी हलकी द्यायची. "हळू सोडा" हा सल्ला त्या बोटभर जागेपुरता खरा आहे. सगळा क्लचच हळू सोडत बसलात तर माझ्यासारखं होतं.

कधी मधेच रेंगाळलातच, समोर रिक्षा आली, लक्ष गेलं, तर क्लच सोडायच्या आधी किंचित रेस द्या. इंजिनाचा आवाज गाडीच्या वेगाला शोभेल इतका वर आला की सोडा. हा आवाज ओळखू यायला महिना लागतो. तोवर थोडे गचके खायचेच.

ज्यांची गाडी पुढे उसळते त्यांचं उलट असतं. रेस पूर्ण सुटायच्या आधी क्लच दाबला जातो आणि इंजिन 'वूंऽऽ' करून वर जातं. त्या माणसाने आधी उजवी मूठ बंद करायला शिकावं. माझ्या भाच्याचं हेच होतं. त्याची मूठ इतकी घट्ट असते की रेस सुटतच नाही. त्याला मी हँडल सैल धरायला सांगितलं आणि अर्धं काम तिथेच झालं.

ती बोटभर जागा हाताला कळावी म्हणून एक सराव. सपाट जागी पहिला गिअर टाका, रेस अजिबात देऊ नका. क्लच इतका सावकाश सोडा की इंजिनाचा आवाज जरा बसेल आणि गाडी गोगलगायीसारखी सरकेल. तिथेच धरा. तीन-चार फूट गेलात की दाबा, ब्रेक लावा, पुन्हा. २० वेळा. कंटाळा येतो, पण आरटीओतला आठचा आकडा मी याच सरावावर काढला. अर्धा क्लच, मागचा ब्रेक जरासा, नजर समोर.

खालचे गिअर टाकताना नियम उलटतो. आता इंजिनाला जास्त फिरायचंय, म्हणून क्लच दाबलेला असतानाच मुठीला एक छोटा झटका देऊन रेस द्यायची आणि मग सोडायचा. ते जमेपर्यंत साधा मार्ग म्हणजे आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर. चौथ्यातून थेट दुसऱ्यात येऊन क्लच खाडकन सोडू नका. पावसात तर नाहीच. मागचं चाक क्षणभर घसटतं. दिंडोरी रोडला कांद्या-द्राक्षांच्या ट्रॅक्टरने आणलेला चिखल असतो, त्यावर माझी गाडी अशीच वीतभर सरकली होती. पडले नाही, पण गुडघे घरी पोचेपर्यंत थरथरत होते.

स्कूटरवरून आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. स्कूटरला डाव्या हाताला ब्रेक असतो. मोटरसायकलला तिथे क्लच असतो. घाबरल्यावर अठरा वर्षांची सवय उठते आणि डावा हात आवळला जातो, पण गाडी थांबत नाही. उलट इंजिनापासून सुटून आणखी मोकळी धावते. मॉलच्या सिग्नलला मी अशी एका रिक्षाच्या मागे जाऊन टेकले. रिक्षावाल्या भाऊंनी मागे वळून फक्त बघितलं. त्यानंतर आठवडाभर घराजवळच्या रिकाम्या प्लॉटवर मी मनाशी 'थांब' म्हणत उजवा हात आणि उजवा पाय दाबण्याचा सराव केला. लाज वाटली, पण केला.

दुसऱ्या वेळी: नवऱ्याच्या पायाची गाडी

दोनेक महिने छान गेले. मग सिग्नलला न्यूट्रल, म्हणजे कुठलाच गिअर न लागलेली जागा, सापडेना. पहिला, दुसरा, पहिला, दुसरा, हिरवा दिवा लागायचा तरी माझं चालूच. गिअर टाकताना 'खट्ट'. कधी दुसऱ्यातून तिसरा टाकला की तो पडायचाच नाही, रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं. मला वाटलं हातच पुन्हा बिघडला, म्हणून पुन्हा अंबडला जाऊन २० वेळा तेच.

शेवटी एका गॅरेजवर गाडी नेली. मिस्त्रीने क्लचची वायर आवळली, "आता बघा कसा कडक झालाय" म्हणाला, पैसे घेतले. न्यूट्रल सापडायला लागलं. चार दिवसांनी धाकटीला घेऊन पंचवटीत निघाले आणि होळकर पुलावरून मालेगाव स्टँडचा चढ चढताना गाडी उचलेचना. रेस देतेय, आवाज वाढतोय, वेग तेवढाच. वर पोचल्यावर जळका वास. जुनं नाशिक नऊ टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात. क्लच बिघडलेला असला की त्यातली एक एक टेकडी मोजता येते.

झालं असं होतं की क्लचच्या लिव्हरला थोडी मोकळी चाल लागते. बोटांनी ओढायला लागलं की सुरुवातीला ती नुसती हलते, मग वायर ताणते. याला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. बहुतेक साध्या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिलिमीटर, काहींना २० पर्यंत. आपल्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात असतो. वायर वापराने सैल होते आणि प्ले वाढत जातो. मग लिव्हर पूर्ण दाबली तरी आत क्लच पुरता सुटत नाही, इंजिन गिअरला ओढत राहतं. न्यूट्रल न सापडणं, 'खट्ट' होणं, क्लच दाबलेला असून गाडी पुढे सरकणं, ही सगळी त्याची लक्षणं. उलट प्ले शून्य केला, जसा माझा केला होता, तर लिव्हर सोडली तरी क्लच पुरता पकडत नाही, घसरत राहतो. आतल्या प्लेटा झिजतात. तो खर्च वायरच्या खर्चाच्या कितीतरी पट.

हे मोजायला मिस्त्री लागत नाही. लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या, लिव्हरच्या टोकाशी धरा, बोटाने हलकं ओढा, कुठे घट्ट लागतं ते वाचा. हँडलपाशी वायर जिथून निघते तिथे एक लहान ॲडजस्टर आणि त्याला लॉक नट असतो. नट सैल करा. ॲडजस्टर बाहेर काढला की प्ले कमी, आत फिरवला की जास्त. मग नट पुन्हा घट्ट. तिथली जागा संपली असेल तर खाली इंजिनाजवळ दुसरा, मोठा ॲडजस्टर असतो. वायरचे धागे तुटायला लागलेले दिसले तर ॲडजस्ट करत बसू नका, नवी टाका. ती सांगून तुटत नाही.

वायर जागेवर आल्यावर 'खट्ट' बरंच गेलं, पण तिसरा गिअर अधूनमधून चुकायचाच. त्याचं कारण कुठल्याच मिस्त्रीने सांगितलं नाही, मला पार्किंगमध्ये बसून सापडलं. नवऱ्याचा बूट ९ नंबरचा, माझा ४. गिअरची लिव्हर त्याच्या पायाच्या बेताने लावलेली होती. माझा चवडा लिव्हरखाली जायचा, पण ती पूर्ण वर उचलायला मला अख्खा पाय फूटरेस्टवरून सोडावा लागायचा. दोन-तीनदा पूर्ण उचलली जायची, एकदा अर्धी.

अर्धी उचलली की काय होतं? मोटरसायकलच्या पेटीतले गिअर सगळे कायम एकमेकांत अडकलेलेच फिरत असतात. आपण लिव्हर हलवतो तेव्हा शेजारच्या गिअरच्या अंगावरचे जाड दाते सरकून दुसऱ्याच्या खाचांत बसतात आणि तो गिअर कामाला लागतो. दाते खाचांच्या तोंडाशीच राहिले तर कुठलाच गिअर लागत नाही, यालाच लोक खोटा न्यूट्रल म्हणतात. किंवा रेस दिल्यावर ते मागे उसळतात, तोही आवाज भयंकर असतो. म्हणून लिव्हर उचलायची ती शेवटपर्यंत, क्लच सोडून होईपर्यंत तिथेच हलकी धरायची, आणि मग पाय पूर्ण काढून घ्यायचा. पाय लिव्हरवर ठेवून चालवलं तर ती मधल्या जागी परत येत नाही आणि पुढचा गिअर पडत नाही.

लिव्हर ज्या दांड्यावर बसते त्याला बारीक उभे दाते असतात. बोल्ट ढिला करून (बहुतेकांना १० नंबरचा पाना) लिव्हर ओढून काढायची आणि एक दात खाली बसवायची. पाच मिनिटांचं काम. नवरा महिन्याने आला तेव्हा त्याचा बूट लिव्हरखाली जाईना. मी काही बोलले नाही.

पायात चप्पल असेल तर हे सगळं विसरा. चपलेचा अंगठा लिव्हरखाली दुमडतो. ज्यांच्या गाडीला मागे टाचेची लिव्हर आहे त्यांनी वरच्या गिअरसाठी ती वापरावी, तीच त्यांना सोयीची. पण शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांना चारही गिअर खाली असतात. कोणाची गाडी मागून घेऊन चालवताना आधी पॅटर्न विचारून घ्या, नाहीतर वरचा समजून खालचा पडतो.

न्यूट्रलचं एक तंत्र याच काळात हाताला आलं. गाडी पूर्ण थांबायच्या आधी, ती किंचित सरकत असताना, दुसऱ्यातून लिव्हर अगदी हलकेच खाली दाबायची. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधे असतो. पहिल्यातून वर शोधण्यापेक्षा दुसऱ्यातून खाली येताना तो मला लवकर सापडतो. आणि वरच्या गिअरमध्येच गाडी थांबली, खाली येतच नाही? लिव्हरवर उड्या मारू नका. दाते खाचांसमोर न येता एकमेकांच्या तोंडाला लागलेत. क्लच अगदी किंचित सोडून परत दाबा किंवा गाडी पुढेमागे वीतभर हलवा, आतलं चक्र जरा फिरतं, आणि मग दाबा. द्वारका चौकातल्या गर्दीत मागून हॉर्न वाजत असताना हे आठवणं कठीण, म्हणून थांबायच्या आधीच दुसऱ्या-पहिल्यात आलेलं बरं.

ऑइलचं थोडक्यात. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि गिअरपेटीलाही तेच ऑइल. ते जुनं झालं की गिअर कडक लागतात. बदलताना डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए २' लिहिलेलं आहे का बघा. चारचाकीचं ऑइल उरलंय म्हणून ओतू नका, त्यातल्या निसरड्या द्रव्यांनी क्लच घसरायला लागतो. स्कूटरचं 'एमबी' लिहिलेलं असतं, तेही नको. आमच्या घरात दोन्ही डबे एकाच फळीवर होते.

तिसऱ्या वेळी: चेन

पावसाळ्यात अंजनेरीला जाऊन आले आणि त्यानंतर दुखणं तिसऱ्यांदा सुरू झालं. या वेळी मात्र मी पहिल्यांदा झटका पकडायला गेले. गिअर गुपचूप पडत होता. क्लच सुटतानाही काही नाही. पण रेस दिली की 'खडक्', रेस सोडली की पुन्हा 'खडक्'. मग परीक्षा घेतली. तिसऱ्यात, तिशीच्या वेगात, गिअर न बदलताच नुसती मूठ उघडबंद केली. तेच. म्हणजे गिअरचा संबंधच नाही.

चेन ढिली असेल तर रेस दिल्यावर इंजिन आधी तो ढिलेपणा ओढून काढतं आणि मग चाकाला हिसका देतं. गिअर बदलताना आपण रेस सोडतो आणि देतोच, त्यामुळे वाटतं की झटका गिअरचा आहे.

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद, न्यूट्रल. चेनच्या खालच्या बाजूच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. साध्या गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल ठीक. माझी जवळजवळ दोन इंच हलत होती. चेन पूर्ण झाकलेली असेल तर झाकणाला तपासायला रबराचं बूच असतं. चाक हाताने थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते त्या जागेवर माप धरा. आणि कृपा करून इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नका, पुसायलाही नाही. फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट.

फार घट्ट करणं ढिलीपेक्षा वाईट. खड्ड्यात मागचं चाक वर येतं तेव्हा चेन ताणते आणि बेअरिंगवर भार पडतो. आपल्या रस्त्यांवर तर रोजच. धुतल्यानंतर माझ्या चेनला ऑइल लावायचं राहून गेलं होतं, तेही कारण असावं. आता पावसाळ्यात दर पंधरवड्याला पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल लावते.

चेन ताणूनही 'खडक्' राहिला तर मागच्या चाकाच्या हबमधले रबर बघायला सांगा. ते इंजिनाचा हिसका गिळण्यासाठीच असतात. झिजले की चाक धरून स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र) पुढेमागे हलवला तर हाताला कळतं. माझे ठीक निघाले.

काही सुटं सुटं

किती वेगाला कोणता गिअर, हा प्रश्न सगळे विचारतात. १२५ ला ढोबळमानाने १५ च्या आसपास दुसरा, २५ पुढे तिसरा, ३५-४० ला चौथा. पण हे आकडे पाठ करून मीटरकडे बघत बसाल तर समोरची गाय दिसणार नाही. कानाने ठरवा. इंजिन ओरडतंय तर वरचा, कण्हतंय, थरथरतंय तर खालचा. "टॉपला टाकून ठेव, ॲव्हरेज मिळतं" हे नवऱ्याचं लाडकं वाक्य. पाचव्यात २५ ने चालवून ॲव्हरेज मिळत नाही, इंजिन आपटतं आणि रेस दिली की गचके बसतात. तेही पुष्कळ जण 'गिअरचा झटका' म्हणून गॅरेजात सांगतात.

सप्तशृंगी गडावरून नांदुरीच्या घाटातून उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे दिसतात. उतारावर दुसरा-तिसरा गिअर गाडीला धरून ठेवतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि थंडीतला पहिला गिअर. डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा आमच्या पार्किंगमध्येही सकाळी बोटं वळत नाहीत. रात्रभर थंड ऑइलमध्ये क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणून पहिला टाकताना 'ठक्क' होऊन गाडी पुढे दचकते. चालू करून अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. क्लच दोन-तीनदा पूर्ण दाबून सोडा, शेवटी दाबून दोन सेकंद धरा, समोरचा ब्रेक लावलेला असू द्या, मग टाका. तरी थोडा 'ठक्क' होईल. तेवढा होऊ द्या.